उंदराच्या यकृताची साक्ष

तंबाखूविरोधी व्याख्यानांत, भित्तिपत्रकांत आणि शाळेच्या निबंधांत एक वाक्य हमखास आढळते : 'हे उंदरांवरील प्रयोगांनी सिद्ध झाले आहे.' हे वाक्य उच्चारले की वाद मिटला, असा आपला समज असतो. पण अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या किनाऱ्यावरच्या एखाद्या गावात, वर्षानुवर्षे मशेरी लावणाऱ्या आजींसमोर ते म्हणून पाहावे. "मग आम्ही काय उंदीर आहोत?" असा उलट प्रश्न आला तर व्याख्यात्याकडे सहसा उत्तर नसते. तो हसून पुढच्या मुद्द्याकडे वळतो.

आमच्या मते हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्राण्यांवरचा प्रयोग वाचणाऱ्या प्रत्येक शास्त्रज्ञाने सर्वांत आधी हाच प्रश्न विचारायचा असतो. मशेरीचा परिणाम प्राण्यांच्या यकृतातील विकरांवर काय होतो, याचे पद्धतशीर मोजमाप आपल्याकडेच, मुंबईत झालेले आहे. ज्या संस्थेत ते झाले ती संस्था आज रायगड जिल्ह्यातच, खारघरला आहे. त्या प्रयोगांत नेमके काय मोजले, ती मोजणी किती भक्कम आहे आणि तिच्यावर किती भार टाकता येतो, याची तपासणी या लेखात करू. मशेरी वाईट की चांगली हा येथे वाद नाही. ती वाईटच आहे. वाईट गोष्टीविरुद्धचा पुरावासुद्धा नीट मांडला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

मशेरी आणि परळची प्रयोगशाळा

मशेरी म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू. तिची पूड बोटाने दातांना आणि हिरड्यांना चोळतात. देशावर तिलाच मिश्री म्हणतात. सुरुवात दात घासण्यापासून होते. मग निकोटिनची सवय लागते आणि दिवसातून चार-पाच वेळा मशेरी लावल्याशिवाय चैन पडत नाही. हे व्यसन प्रामुख्याने स्त्रियांचे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन गटाने पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची पाहणी करून १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात सुमारे ३९ टक्के स्त्रिया मिश्री लावणाऱ्या आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण एक टक्कासुद्धा नव्हते. दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर भारत सरकारने १९९२ साली बंदी घातली. पण चुलीवरच्या तव्यापर्यंत असा कायदा पोहोचत नाही. मशेरी घरी भाजली जाते आणि आईचे पाहून मुलीच्या हाती येते.

मुंबईत परळ येथे १९५२ साली कर्करोग संशोधनाचे केंद्र सुरू झाले. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्याचे पहिले संचालक. पुढे त्याचे नाव कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झाले, आणि २००२ साली ते खारघरला गेले; आज आपण त्याला 'अ‍ॅक्ट्रेक' म्हणून ओळखतो. परळच्या काळात डॉ. सुमती भिडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मशेरीवर अनेक वर्षे काम केले. भाजलेल्या तंबाखूचा अर्क आनुवंशिक द्रव्यात बदल घडवतो का, हे त्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात तपासले. मशेरी दिलेल्या प्राण्यांत गाठी होतात का, याचा अहवाल १९८८ साली आला. त्यानंतर १९९१ साली आला तो आपल्या विषयाचा निबंध : दीर्घकाळ मशेरी खाल्लेल्या तीन जातींच्या प्राण्यांत यकृत, फुप्फुस आणि अन्नमार्गाचा वरचा भाग यांतील विकरांचे काय होते?

या तीन जाती म्हणजे रॅट, माउस आणि हॅमस्टर. मराठीत रॅट आणि माउस या दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो आणि पहिला घोटाळा तेथेच होतो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ते दोन वेगळे प्राणी आहेत. त्यांच्या यकृतांतही पुष्कळ फरक आहे, हे पुढे दिसेलच.

'यकृत विषाचा नाश करते' — हे अर्धेच खरे

प्रयोगाकडे वळण्यापूर्वी आपल्या पुस्तकांतल्या एका वाक्याची झडती घेणे भाग आहे. 'यकृत शरीरातील विषारी पदार्थांचा नाश करते' हे वाक्य आपण सर्वांनी शिकवले आहे. त्यावरून विद्यार्थी साहजिकच असा निष्कर्ष काढतो की यकृतातील विकरांची क्रिया जितकी जास्त तितके बरे. मग मशेरीने ही क्रिया वाढते असे सांगितले तर मशेरी यकृताला बळ देते असेच त्याला वाटेल!

यकृताचे खरे काम वेगळे आहे. बाहेरून आलेले अनेक पदार्थ तेलात विरघळणारे असतात. ते मूत्रावाटे सहज बाहेर टाकता येत नाहीत, त्यामुळे शरीरात फिरत राहतात. यकृत त्यांना पाण्यात विरघळण्याजोगे करते. हे काम साधारणपणे दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात 'सायटोक्रोम पी-४५०' या गटातील विकरे रेणूला ऑक्सिजनचा अणू जोडतात. दुसऱ्या टप्प्यात त्या जागी ग्लुटाथायोन, ग्लुक्युरॉनिक आम्ल किंवा सल्फेट यांसारखा पाण्यात विरघळणारा तुकडा जोडला जातो आणि रेणू बाहेर पडण्यास तयार होतो.

धोका या दोन टप्प्यांच्या मधल्या अंतरात असतो. ऑक्सिजन जोडल्यावर काही रेणू पूर्वीपेक्षा कितीतरी आक्रमक होतात. वनस्पतिजन्य पदार्थ जाळताना, भाजताना तयार होणारे बेंझोपायरीन घ्या. मूळ रूपात ते बऱ्यापैकी सुस्त असते. पी-४५० विकरे त्यावर काम करतात तेव्हा त्यापासून जे इपॉक्साइड तयार होते ते थेट डीएनएला चिकटते. पॅरासिटॅमॉल हे आपल्या ओळखीचे औषध. नेहमीच्या मात्रेत ते निर्धोक आहे. पण फार मोठी मात्रा पोटात गेली तर पी-४५० विकरे त्यापासून जे विषारी द्रव्य तयार करतात त्याला आवरायला ग्लुटाथायोन पुरत नाही आणि यकृतच जळून जाते. म्हणजे विष बाहेरून आले नव्हते. ते यकृताने घडवले. अमेरिकेतील ब्रूस एम्स यांनी १९७० च्या दशकात जिवाणूंवरची प्रसिद्ध चाचणी बसवली तेव्हा तीत रॅटच्या यकृताचा अर्क मिसळण्याची सोय केली, ती याच कारणासाठी. पुष्कळ पदार्थ यकृताच्या हाताखालून गेल्यावरच घातक ठरतात.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. पहिल्या टप्प्यातील विकरे वाढली की नेहमी नुकसानच होते, असेही नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत रॅटवर झालेल्या प्रयोगांत एक विलक्षण गोष्ट दिसली. यकृताचा कर्करोग घडवणाऱ्या एका रंगद्रव्याबरोबर मिथिलकोलँथ्रीन हे दुसरे कर्ककारी द्रव्य दिले तेव्हा यकृतातील गाठी वाढण्याऐवजी कमी झाल्या. दुसऱ्या द्रव्यामुळे यकृतातील विकरे वाढली आणि त्यांनी त्या रंगद्रव्याचा लवकर निकाल लावला.

तेव्हा 'विकराची क्रिया वाढली' हा निकाल नव्हे. ते फक्त निरीक्षण आहे. कोणते विकर, कोणत्या टप्प्याचे, कोणत्या पदार्थावर काम करणारे, हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लावता येत नाही.

मोजतात कसे?

हे मोजमाप कसे होते याची कल्पना आली की त्यातल्या खाचाखोचा कळतात. प्राण्याला रात्रभर उपाशी ठेवून सकाळी त्याचे यकृत काढतात, ते थंड क्षारद्रावणाने धुतात आणि बर्फात ठेवूनच त्याचा लगदा करतात. गारव्यात हयगय झाली की विकरे खराब होतात. हा लगदा सेंट्रिफ्यूजमध्ये गुरुत्वाच्या सुमारे ९,००० पट बलाने फिरवला की न फुटलेल्या पेशी, केंद्रके आणि मायटोकाँड्रिया तळाशी बसतात. वरचा द्रव पुन्हा सुमारे १,००,००० पट बलाने तासभर फिरवला की तळाशी तांबूस, अर्धपारदर्शक साका मिळतो. पेशीतील अंतर्द्रव्यजालिकेच्या या तुकड्यांना 'मायक्रोसोम' म्हणतात. पी-४५० विकरे यांतच असतात.

पुढचे मोजमाप मुख्यतः रंगाचे आहे. मायक्रोसोममध्ये सोडियम डायथायोनाइट टाकून त्यातून कार्बन मोनॉक्साइड सोडला की हे रंजकद्रव्य ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश जोराने शोषते. 'पी' म्हणजे रंजक आणि '४५०' ही तरंगलांबी. नाव पडले ते यावरून. जपानच्या ओमुरा आणि सातो यांनी १९६४ साली या मापनाची पद्धत पक्की केली आणि आजही तीच वापरतात.

परंतु या पद्धतीने कळते ती एकूण पी-४५० ची मात्रा. हे कचेरीतला हजेरीपट मोजण्यासारखे झाले. किती जण हजर आहेत ते कळले, कोण काय काम करतो ते कळले नाही. माणसात या गटातील विकरांची ५७ कार्यक्षम जनुके आहेत, माउसमध्ये १०२. म्हणून कामही वेगळे मोजावे लागते. बेंझफेटामिनसारख्या द्रव्यातून विकराने मिथिल गट काढला की फॉर्माल्डिहाइड तयार होते. ते एका अभिकारकाबरोबर पिवळा रंग देते. रंग जितका गडद तितकी क्रिया अधिक. बेंझोपायरीनवरची क्रिया मोजायची तर त्यापासून तयार होणाऱ्या पदार्थाची प्रतिदीप्ती मोजतात. दुसऱ्या टप्प्यातील ग्लुटाथायोन जोडणाऱ्या विकरासाठी १९७४ पासून प्रचलित असलेली पद्धत ३४० नॅनोमीटरला वाढणारे प्रकाशशोषण मोजते. शेवटी उत्तर येते ते असे : दर मिनिटाला, दर मिलिग्रॅम प्रथिनामागे, इतके नॅनोमोल.

१९९१ च्या निबंधाची जमेची बाजू

या पार्श्वभूमीवर परळच्या प्रयोगाकडे पाहिले की त्याची आखणी किती विचारपूर्वक होती ते लक्षात येते. पहिली गोष्ट, एकच विकर मोजून संशोधक थांबले नाहीत. पी-४५० ची एकूण मात्रा, बेंझोपायरीनवरची क्रिया आणि बेंझफेटामिनवरची क्रिया ही पहिल्या टप्प्याची तीन मापे. ग्लुटाथायोन आणि ते जोडणारे विकर ही दुसऱ्या टप्प्याची मापे. दुसरी गोष्ट, एकच प्राणी घेतला नाही, तीन जाती घेतल्या. तिसरी, यकृतापुरतेच न पाहता फुप्फुस आणि अन्नमार्गाचा वरचा भागही तपासला.

निष्कर्षाचा मथितार्थ असा : मशेरी खाल्लेल्या प्राण्यांत पदार्थाला आक्रमक बनवणाऱ्या पहिल्या टप्प्यातील विकरांची क्रिया वाढली, आणि ग्लुटाथायोनची संरक्षक फळी मात्र दुबळी झाली. हे दोन्ही एकत्र कळले म्हणूनच या आकड्यांना अर्थ आहे. नुसती पी-४५० ची वाढ सांगितली असती तर ती संरक्षणाची तयारी आहे असेही कोणी म्हटले असते. पण एका बाजूने बाण घडवणारे हात वाढले आणि दुसऱ्या बाजूने ढाली कमी झाल्या, असे दिसते तेव्हा शंकेला जागा कमी राहते. मशेरी भाजलेली असते, म्हणून तिच्यात बेंझोपायरीन असते. तंबाखू आहे म्हणून नायट्रोसामिने असतात, आणि तीही पी-४५० विकरांकडूनच आक्रमक होतात. म्हणजे मशेरी कच्चा माल पुरवते आणि त्यावर प्रक्रिया करणारा कारखानाही वाढवते.

आता आजींचा प्रश्न

इतके झाल्यावर 'आम्ही काय उंदीर आहोत?' याकडे वळू. या प्रश्नाचे आम्ही चार भाग करतो.

पहिला भाग जातीचा. १९५८ साली अमेरिकेतील क्विन, अ‍ॅक्सेलरॉड आणि ब्रॉडी यांनी हेक्सोबार्बिटोन हे झोपेचे औषध वेगवेगळ्या प्राण्यांना दिले. शरीराच्या वजनाच्या प्रमाणात सारखीच मात्रा मिळालेला माउस सरासरी १२ मिनिटे झोपला, ससा ४९ मिनिटे आणि रॅट ९५ मिनिटे. कुत्र्याला निम्मी मात्रा दिली होती, तरी तो ३१५ मिनिटे झोपला. फरक मेंदूत नव्हता, यकृताच्या वेगात होता. रॅटमध्ये तर नर आणि मादी यांतही मोठा फरक पडतो. मादी कितीतरी जास्त वेळ झोपते. माणसात स्त्री-पुरुषांमध्ये असा ठळक फरक नसतो. तंबाखूतल्या निकोटिनचे उदाहरण तर आणखी जवळचे आहे. माणसात ते मुख्यतः ज्या पी-४५० विकराकडून बदलले जाते, त्याऐवजी रॅटमध्ये ते काम दुसऱ्याच उपगटातील विकर करते. म्हणून एका जातीतला आकडा माणसाला जसाच्या तसा लावणे चूक. पण एकमेकांपासून इतक्या वेगळ्या वागणाऱ्या जाती एकाच दिशेने झुकत असतील तर त्या दिशेला वजन येते. तीन जाती घेण्याचा फायदा हाच.

दुसरा भाग मात्रेचा, आणि आमची मुख्य टीका येथे आहे. या प्रयोगांत प्राण्यांना दिलेल्या खाद्यात १० टक्के मशेरी होती. साधा हिशेब करू. २५० ग्रॅमचा रॅट दिवसाला सुमारे २० ग्रॅम खाद्य खातो. म्हणजे २ ग्रॅम मशेरी. दर किलो वजनामागे ८ ग्रॅम. ५० किलो वजनाच्या स्त्रीला नुसत्या वजनाच्या प्रमाणात हे लावले तर दिवसाला ४०० ग्रॅम मशेरी होते! शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात हिशेब करणे अधिक योग्य, पण त्यानेही उत्तर ६५ ग्रॅमच्या आसपास येते. मशेरी लावणारी स्त्री चिमूटचिमूट घेते आणि तीही बरीचशी थुंकते. जास्त मात्रा देण्यामागे कारण आहे : मोजक्या प्राण्यांत, दोन वर्षांच्या आयुष्यात परिणाम दिसायचा तर मात्रा वाढवावी लागते. परंतु अशा प्रयोगातून परिणामाची दिशा कळते, परिमाण कळत नाही. 'यकृतातील विकरे इतक्या पटींनी वाढतात' असा आकडा भित्तिपत्रकावर छापणे म्हणूनच गैर आहे. शिवाय भाजलेली तंबाखू मिसळलेले खाद्य प्राणी आवडीने खात नाहीत. खाणे घटले की उपासमारीनेही यकृतातील विकरे बदलतात. अशा प्रयोगाचा कोणताही अहवाल वाचताना 'तुलनेसाठी ठेवलेल्या प्राण्यांना तितकेच कमी खाद्य दिले होते का?' हे पाहावे.

तिसरा भाग भाजकाचा. 'दर मिलिग्रॅम प्रथिनामागे' या शब्दांकडे आपले लक्ष जात नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका रॅटचे यकृत १० ग्रॅम, दर ग्रॅममध्ये ३० मिलिग्रॅम मायक्रोसोमचे प्रथिन आणि दर मिलिग्रॅममागे क्रिया २ एकक. संपूर्ण यकृताची क्रिया ६०० एकक. दुसऱ्या रॅटचे यकृत औषधाने वाढून १३ ग्रॅम झाले, दर ग्रॅममध्ये ४० मिलिग्रॅम प्रथिन, क्रिया तीच २ एकक. संपूर्ण यकृताची क्रिया १,०४०. दर मिलिग्रॅमचा आकडा पाहिला तर काहीच घडले नाही. संपूर्ण यकृत पाहिले तर क्रिया ७३ टक्क्यांनी वाढली. दोन्ही विधाने खरी आहेत. कोणते सांगितले आणि कोणते गाळले, यावर वाचकाचा समज ठरतो.

चौथा भाग जागेचा. मशेरी लावतात हिरडीला. तिच्यामुळे होणारा कर्करोग प्रामुख्याने तोंडात दिसतो. प्रयोगात ती खाद्यातून पोटात गेली आणि मोजमाप झाले मुख्यतः यकृताचे. यकृत हे घटनास्थळ नव्हे. तो शेजारचा साक्षीदार आहे. तो पुष्कळ काही सांगतो, पण हिरडीच्या पेशीत काय घडले ते त्याने पाहिलेले नसते. १९८८ च्या निबंधातील गाठी जठराच्या पुढच्या कप्प्यात झाल्या होत्या. उंदरांना असा कप्पा असतो, माणसाला नसतो. मशेरीत गाठी उत्पन्न करण्याची शक्ती आहे हे त्यावरून ठरते. माणसाच्या कोणत्या अवयवात त्या होतील हे ठरत नाही.

पिंजऱ्यातला भुसा

आणखी एक गोष्ट आम्ही येथे मुद्दाम नोंदवतो, कारण ती विज्ञानाच्या स्वभावाची आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेत एका प्रयोगशाळेतील रॅट झोपेचे औषध दिल्यावर अचानक लवकर जागे होऊ लागले. शोध घेता कळले की प्राण्यांच्या खोलीत क्लोरडेन हे कीटकनाशक फवारले होते, आणि त्याने यकृतातील विकरे वाढली होती. १९६७ साली व्हेसेल यांनी दाखवले की पिंजऱ्यात अंथरलेला देवदार-पाइनसारख्या लाकडांचा भुसा बदलला तरी झोपेचा कालावधी बदलतो. लाकडातील सुगंधी द्रव्ये हा त्यामागचा चोर निघाला.

म्हणजे प्रयोगाला सुरुवात होण्यापूर्वीच भुसा, फवारणी, खाद्य, प्राण्याचे वय आणि लिंग, या सर्वांनी यकृतावर आपापली सही केलेली असते. म्हणूनच तुलनेचे प्राणी त्याच खोलीत, त्याच भुशावर, त्याच काळात वाढवावे लागतात. ज्या अहवालात हा तपशील नसतो त्यातल्या आकड्यांना, ते कितीही दशांश स्थळांपर्यंत दिलेले असोत, मान देऊ नये. 'उंदरांवर सिद्ध झालेले' यकृताचे टॉनिक जाहिरातीत दिसले की हाच निकष लावावा.

मग काय सांगावे?

आमचे मत असे. १९९१ चा निबंध हा मशेरीविरुद्धच्या खटल्यातील चांगला साक्षीदार आहे, पण एकटा निकाल देण्याइतका नाही. सुदैवाने तो एकटा नाहीच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली धूरविरहित तंबाखूचा सर्व पुरावा तपासून ती माणसात तोंडाचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग घडवते, असा निर्वाळा दिला. हा निर्वाळा प्रथमतः माणसांच्या पाहण्यांवर उभा आहे. प्राण्यांवरचे प्रयोग 'हे कसे घडत असावे' हा दुवा जोडतात. माणसांची पाहणी 'घडते' हे सांगते, यकृताचे विकर 'असे घडू शकते' हे सांगते. हे दोन पुरावे एकमेकांच्या जागी ठेवू नयेत.

तेव्हा आजींना असे उत्तर देता येईल : "तुम्ही उंदीर नाही, हे खरेच. तुमच्यासारख्या बायाबापड्यांतच आधी आजार दिसला. तो कसा होतो हे शोधायला मग उंदीर घेतले." हे उत्तर खरे आहे, आणि ऐकणाऱ्याचा मान ठेवणारे आहे.

यापुढचे काम माणसातच व्हायला हवे, आणि त्यासाठी कोणाचे यकृत काढावे लागत नाही. कॉफीतील कॅफीन शरीरातून बाहेर टाकण्याचे काम मुख्यतः पी-४५० गटातील एक विकर करते. मोजून कॉफी द्यावी आणि काही तासांच्या अंतराने लाळेतील कॅफीन मोजावे, की त्या विकराचा वेग कळतो. विडी-सिगरेट ओढणाऱ्यांत कॅफीन जवळजवळ दुप्पट वेगाने बाहेर पडते, हे अशाच मोजणीतून कळले. धूम्रपान करणाऱ्या दमेकऱ्याला थिओफिलिनची मात्रा जास्त लागते, तेही याच विकरामुळे. भाजलेल्या मशेरीतही धुरातल्यासारखीच द्रव्ये आहेत. मशेरी लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या स्त्रियांची अशी तुलना झाली, तर कर्करोगाइतकाच रोजच्या औषधोपचाराचा प्रश्नही तपासता येईल. खारघरच्या प्रयोगशाळेपासून किनाऱ्यावरची ही गावे काही तासांच्या अंतरावर आहेत.

वर्गात काय करता येईल?

शाळेत प्राण्यांवर प्रयोग करू नयेत. ते कायद्याला धरून नाही आणि त्याची गरजही नाही. विकराची क्रिया मोजण्यातल्या अडचणी बाजारातून आणलेल्या बोकडाच्या कलेजीवर उत्तम दाखवता येतात. येथे मोजतो ते कॅटॅलेज हे विकर आहे, औषधांवर काम करणारे नव्हे, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगावे. कलेजीचे एकेक ग्रॅमचे तीन तुकडे घ्यावेत : एक अखंड, एक ठेचलेला, एक पाच मिनिटे उकळलेला. तीन सारख्या मोजपात्रांत ते टाकून प्रत्येकात औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे ५ मिलिलिटर ओतावेत आणि एका मिनिटानंतर फेसाची उंची नोंदवावी. ठेचलेल्या तुकड्याचा फेस भराभर चढतो, उकळलेल्याचा चढत नाही. कलेजी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

आता विद्यार्थ्यांना विचारावे : एकाच कलेजीच्या सारख्या वजनाच्या तुकड्यांनी वेगळे आकडे का दिले? दोन ग्रॅम घेतले तर फेस दुप्पट होईल का? काल आणलेली कलेजी वापरली तर? एका गटाने मिनिटाला मोजले आणि दुसऱ्याने दोन मिनिटांनी, तर त्यांची तुलना कशी करायची? या प्रश्नांवर वर्गात भांडण झाले तर होऊ द्यावे. त्यानंतर 'उंदरांवर सिद्ध झाले आहे' हे वाक्य फळ्यावर लिहावे आणि त्याखाली विद्यार्थ्यांकडूनच प्रश्न लिहून घ्यावेत : कोणता प्राणी? कोणते विकर? किती मात्रा? कशाच्या मागे किती? तुलना कशाशी?

किनाऱ्यावरच्या आपल्या शाळांतून ज्या मुली ही यादी वहीत उतरवून घरी नेतील, त्यांतल्या कित्येकींच्या घरात संध्याकाळी तव्यावर तंबाखू भाजली जात असेल. त्यांना आईशी बोलताना भीती घालणारा आकडा लागणार नाही. आईने उलट विचारले तर देता येईल असे खरे उत्तर लागेल, आणि ते त्यांच्या हाती देणे शिक्षकाला जमण्यासारखे आहे.